पडवीतली स्प्लेंडर, २५ हजार रुपये आणि फ्रेमवरचा ग्राइंडर

गोव्यातल्या वाळपईच्या एका मुलाने विचारलं आहे: "बाबांची २००४ची हीरो होंडा स्प्लेंडर आहे. ते खाणीवर कामाला होते तेव्हा रोज तीच घेऊन जायचे. २०१८ला खाणी बंद झाल्या, त्यानंतर गाडी थोडीफार चालली आणि आता चार वर्षं पडवीत उभी आहे. माझ्याकडे २५ हजार रुपये आहेत. कॅफे रेसर करायची आहे, म्हणजे जुन्या रेसिंग गाड्यांसारखी, बुटकं हँडल आणि सपाट सीटवाली. एका वेल्डरने मागची फ्रेम कापून सपाट सीट बसवून द्यायचे ३ हजार सांगितलेत. आधी फ्रेम करून घेऊ की आधी रंग?"

वय २३ लिहिलं आहेस. माझा मोठा मुलगा तेवढाच, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. डिचोलीत माझं गॅरेज आहे, २६ वर्षं झाली.

तू विचारलंस फ्रेम आधी की रंग आधी. माझ्या मते दोन्ही नाही. तुझ्यापुढची खरी अडचण अशी आहे की चार वर्षं बंद असलेल्या गाडीच्या पोटात काय झालंय ते तुला माहीत नाही, आणि पैसे एकदाच मिळणार आहेत. ते आधी दिसण्यावर गेले तर शेवटी छान रंगवलेली बंद गाडी हातात राहते. अशा गाड्या माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन येतात, ढकलत. पोरांचे चेहरे बघवत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा: कागद, मग इंजिन, मग ब्रेक-टायर-वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी रूप.

कागदांचं तू काहीच लिहिलं नाहीस आणि तुझं अर्धं बजेट तिथेच ठरणार आहे. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे तुझी आरसी २०१९ला संपली. त्या वेळी बाबांनी नूतनीकरण केलं असेल तर पुढची पाच वर्षं मिळाली, म्हणजे २०२४पर्यंत. केंद्राच्या नियमात उशिराच्या प्रत्येक महिन्याला मोटारसायकलसाठी ३०० रुपये जादा आकार आहे. २०२४ला संपली असेल तर ते झेपण्यासारखं आहे. २०१९पासूनच पडून असेल तर साठाहून जास्त महिने होतात, गुणाकार तूच करून बघ. शिवाय २० वर्षांवरच्या मोटारसायकलींची नूतनीकरणाची फी २०२५मध्ये वाढवून २ हजार केली आहे. तेव्हा एकही पाना हातात घेण्याआधी बाबांना बरोबर घेऊन आरटीओत जा आणि नक्की किती भरावे लागतील तो आकडा काढून आण. गाडी बाबांच्या नावावरच राहू दे, त्यासाठी वेगळा खर्च करायची गरज नाही. आकडा १५-१८ हजारांवर गेला तर यंदा फक्त कागद आणि इंजिन कर, रूप पुढच्या वर्षी. वाईट वाटेल, पण बिनकागदाच्या गाडीवर केलेला खर्च पहिल्याच तपासणीत अडकतो.

आता इंजिन. चार वर्षं उभ्या गाडीला थेट किक मारू नकोस. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असू शकतात, जोर केला की ओरखडे पडतात. प्लग काढ, त्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोड, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी प्लग न लावता किक हाताने हळूहळू खाली दाब. मोकळी फिरली की अर्धी काळजी गेली. मग जुनं ऑइल काढ आणि त्याचा रंग बघ. काळं असेल तर हरकत नाही. दुधाच्या कॉफीसारखं आलं तर आत पाणी शिरलं आहे, मग इंजिन उघडावंच लागेल.

तुझ्या गाडीला आणखी एक गोष्ट बघावी लागेल, कारण ती खाणीवर चालली आहे. एअर फिल्टर काढ आणि फिल्टरकडून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत आतून बोट फिरव. बोट कोरडं किंवा किंचित तेलकट निघालं तर बाबांनी गाडी नीट सांभाळली. बोटावर लाल भुकटीचा थर आला तर खनिजाची धूळ फिल्टर ओलांडून वर्षानुवर्षं इंजिनात गेली आहे. ती धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते, सिलिंडर घासून मोठा करते. डिचोली-सत्तरीतल्या ट्रकच्या रस्त्यांवर वापरलेल्या गाड्यांमध्ये मी हे इतक्या वेळा पाहिलंय की गाडी आली की पहिलं बोट तिथेच जातं. लाल थर असेल आणि चालू केल्यावर निळा धूर निघत असेल तर बोअर-पिस्टनचं काम (सिलिंडर आतून नव्याने कापून मोठा पिस्टन बसवणं) धरून चाल, आमच्याकडे मजुरीसकट साडेचार हजारांच्या आसपास जातं. हे काम लागलं तर दिसण्यावरचे पैसे तेवढे कमी होतील, त्याला इलाज नाही.

टाकीत आता पेट्रोल राहिलं नसेल, राहिली असेल ती वार्निशसारखी चिकट राळ. आतला गंज टॉर्च मारून बघ. हलका असेल तर घरीच निघतो. टाकी उतरव, कॉक काढून भोक बंद कर, आत जुन्या चेनचा तुकडा किंवा मूठभर छोटे नट टाक, किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर भर. माडाचं व्हिनेगर आईच्या स्वयंपाकात राहू दे. २४ तास ठेव, मधून मधून हलव. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्ल मार, साध्या पाण्याने धू, आणि लगेच, म्हणजे त्याच तासात, कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने कोरडी कर. शेवटी दोन चमचे ऑइल आत फिरव. ओली ठेवलीस तर संध्याकाळपर्यंत पुन्हा केशरी होते. टाकीला भोक निघालं तर मात्र कुणालाही ती तशीच वेल्डिंगला देऊ नकोस. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते आणि ठिणगीने टाकी फुटते. हे काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच दे.

पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचे वॉशर आणि ओ-रिंग सरळ नवे टाक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, २००४च्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ होतं आणि एके दिवशी गळतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून गाडी पुन्हा महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवत जा. या सगळ्याला प्लग, फिल्टर, ऑइल धरून दीड हजार पुरतात.

एवढं झाल्यावर वेल्डरचं बोलू. तुझा निरोप वाचून मी लगेच लिहायला बसलो तो यासाठीच. फ्रेम कापू नकोस.

कॅफे रेसरचे जे व्हिडिओ तू पाहिले असशील त्यातल्या बऱ्याच परदेशी मोठ्या गाड्यांना सीटखालचा सांगाडा बोल्टने जोडलेला असतो. तो काढायचा, दुसरा लावायचा. स्प्लेंडरची फ्रेम पुढून मागपर्यंत एकसंध वेल्ड केलेली आहे. सीटखालचे दोन पाइप आणि मागच्या शॉकअपचे वरचे बोल्ट एकाच लोखंडावर आहेत. खड्ड्यात चाक आदळलं की तो मार शॉकअपमधून त्या पाइपांना बसतो आणि तिथून टाकीखाली जातो. ते पाइप शेपटाकडे आडव्या जोडाने बांधलेले असतात म्हणून मार दोघांत वाटला जातो. जोड कापला की दोन्ही पाइप आपापले हलायला लागतात. वर नवीन पट्टी वेल्ड केली तरी पाइप पातळ, वेल्डिंगची रॉड जाड, कडेचं लोखंड जळून ठिसूळ होतं. आणि उघड्या टोकांतून आपल्या पावसाचं पाणी पाइपात शिरतं, ते आतून खातं, बाहेरून दिसत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ साली मी स्वतः एका मुलाची गाडी अशी कापली होती. त्याचा हट्ट होता, मलाही करून बघायचं होतं, आणि दिसायला ती सुंदर झाली. दुसऱ्या पावसाळ्याआधी तो केरीहून आला, म्हणाला वळणावर मागचा भाग हलल्यासारखा वाटतो. मी सीट काढली. शॉकअपच्या बोल्टाजवळ काळ्या रंगातून एक केशरी रेघ खाली उतरली होती, केसाएवढी. नखाने रंग खरवडला तर खाली पाइप अर्ध्याहून जास्त फाटलेला. त्याच सीटवर मागे बहिणीला बसवून तो रोज साखळीला कॉलेजला सोडत होता. त्या दिवसापासून माझ्याकडे शॉकअपच्या आसपास ग्राइंडर लागत नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी.

कायद्यानेही हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे तुझे बाबा, हे लक्षात ठेव. शिवाय नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी फिटनेससाठी ती इन्स्पेक्टरसमोर उभी करावीच लागणार. कापलेली फ्रेम तिथे लपत नाही. अपघात झालाच तर विमावाले पहिली हीच गोष्ट काढतात.

मग न कापता ती तशी दिसेल का? बरीचशी दिसेल. कॅफे रेसरचं रूप कापण्यात नसतं, रेषेत असतं. गाडी मधल्या स्टँडवर लाव, पाच-सहा पावलं लांब जा, बाजूने बघ. टाकीचा खालचा काठ जिथे संपतो तिथून सीट वर चढते, मध्ये खोलगट होते, मागे पुन्हा उचलते. नजर तीन वेळा अडखळते. आता एक सरळ लाकडी पट्टी घे, टाकीच्या मागच्या काठापासून टेललाइटपर्यंत धर. पट्टीच्या वर जेवढं सीट येतं तेवढंच तुला कमी करायचं आहे. सीटचा खालचा सांगाडा तसाच ठेवून कुशनवाला वरचा फोम छाटून देतो, नवं रेक्झिन शिवतो. आमच्याकडे बाराशे ते दीड हजारात होतं. फोम दीड इंचाच्या खाली जाऊ देऊ नकोस, वाळपई ते पणजी जाऊन आलास की कंबर सांगेल. रेक्झिनची शिवण वरच्या बाजूला घेऊ नको म्हणून सांग, कडेला घे. वरच्या शिवणीतून पाणी फोमात जातं आणि जून ते सप्टेंबर तू ओल्या स्पंजावर बसतोस. भंगारात दुसरं सीट सापडलं तर छाटायला ते घे आणि मूळ सीट वेगळं ठेव. पुढेमागे बाबांना त्यांची गाडी जशीच्या तशी बघावीशी वाटली तर अर्ध्या तासात बसवता येईल. अशाच बदलांवर मी भर देतो, जे पान्याने होतात आणि पान्यानेच परत जातात.

हँडलचंही तसंच. क्लिप-ऑनच्या (पुढच्या फोर्कच्या दोन पाइपांना वेगवेगळी लावायची बुटकी हँडलं) मागे लागू नकोस, स्प्लेंडरच्या फूटरेस्टच्या जागेमुळे मनगटं दुखतात आणि फूटरेस्ट मागे न्यायचे म्हटले तर गिअर-ब्रेकची सगळी जोडणी बदलावी लागते. एक बऱ्यापैकी सपाट हँडल घे. आपल्या बहुतेक गाड्यांचे पाइप २२ मिलिमीटरचेच, त्यामुळे भंगारातही मिळतं, फक्त वाकलेलं नाही ना ते काचेवर ठेवून बघ. बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळव, एकही केबल ताणली जाता कामा नये. ताणलेली अ‍ॅक्सिलरेटर केबल वळणावर आपोआप रेस वाढवते.

टायर जाड घालायचा मोह होईल. मूळ २.७५-१८ आहे (टायरची रुंदी आणि रिमचा व्यास, इंचात). मागे ३.००-१८ आरामात बसतो आणि दिसतोही भरलेला. त्याहून जाड टायर त्या अरुंद रिमवर कडेने आवळला जातो, मधला भाग फुगतो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळवताना पकड कमी होते. जाडी हवीच असेल तर खाचा खोल असलेला घे, आपल्याकडे चिऱ्याच्या मातीचा चिखल टायरात बसतो. दोन्ही टायर-ट्यूब मिळून चार हजारांच्या आत. चेन-किट, ब्रेक शू, केबल्स, हँडलचा कोनसेट, फोर्कचे सील आणि ऑइल यांना साधारण साडेतीन हजार. यात काटकसर करू नकोस, बाकी कुठेही कर.

लाइटबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पोरं सगळ्यात जास्त पैसे इथे वाया घालवतात. तुझ्या गाडीत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, इंजिनातल्या कॉइलच्या एसी करंटवर चालतो. रेस दिली की उजेड वाढतो, सोडली की मंदावतो, ते यामुळेच. त्या जागी बाजारातला साधा एलईडी लावला तर तो फडफडतो किंवा महिन्यात उडतो. मग कुणीतरी तो बॅटरीवर जोडून देतो. बॅटरी फक्त अडीच अँपिअर-तासाची, ती हॉर्न आणि इंडिकेटरपुरती असते. चार रात्रींत बसते. त्यापेक्षा ३५/३५ वॉटचा चांगला बल्ब घे, रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर बदल, आणि टाकीखाली फ्रेमला जिथे अर्थिंगची वायर बोल्टने बांधली आहे तो बोल्ट काढून खालचं लोखंड पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घास. थोडं ग्रीस लावून परत कस. पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे हिरवी-पांढरी बुरशी धरलेली असते. एवढ्यानेच उजेड किती वाढतो ते बघून तू थक्क होशील. चौकोनी हेडलाइटऐवजी जुन्या गाडीचा गोल हेडलाइट भंगारातून घेऊन बसवला तर समोरून रूप सगळ्यात जास्त बदलतं, आणि तोही पान्याने परत निघतो. काटेकोर बोट ठेवायचं म्हटलं तर हाही बदलच, म्हणून पासिंगला नेताना मूळचा लावून ने.

काही गोष्टी करूच नकोस, लांबण न लावता सांगतो. सायलेन्सर कापू नको, आवाजाचा आणि प्रदूषणाचा दंड पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत जाऊ शकतो, आणि इंजिनही कोरडं जळायला लागतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. सायलेन्सरला ती उष्णता रोखणारी कापडी पट्टी गुंडाळू नको, पावसात ती पाणी धरून ठेवते आणि आतून पाइप कुजतो. एअर बॉक्स काढून उघडा फिल्टर लावू नको, पहिल्या जूनमध्ये पाणी ओढेल. साडीगार्ड आणि मागच्याने धरायची कडी काढू नको, दोन्ही नियमाने लागतात. पुढचं मडगार्ड छोटं करू नको, वाळपईसारखा पाऊस गोव्यात फार थोड्या ठिकाणी पडतो आणि सगळा चिखल इंजिनावर येईल. आणि मडगार्डाला पिवळा रंग देऊ नको, ती आपल्या मोटारसायकल पायलटांची, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्यांची ओळख आहे.

रंग शेवटी, आणि पावसाळ्यात तर नाहीच. दमट हवेत मारलेला रंग वरून दुधाळ, धुरकट होतो, मग कितीही घासलं तरी चमक येत नाही. चवथ होऊ दे, हवा कोरडी पडू दे, दिवाळीनंतर काढ. सगळा खेळ तयारीचा असतो आणि तयारीची मजुरी तूच वाचवू शकतोस. टाकी, साइड पॅनल घरी उतरव, गंज लोखंडाचा पांढरा रंग दिसेपर्यंत घास. गंजावर पुट्टी मारलेली टाकी पुढच्या पावसाळ्यात फोडासारखी फुगते. घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे, आपली खारी हवा रात्रभरात पुन्हा गंज आणते. एवढं करून पेंटरकडे नेलंस तर साडेतीन-चार हजारांत गाडीच्या रंगाचं काम होतं. आरसीवर जो रंग लिहिला आहे तोच मूळ रंग ठेव. काळी असेल तर काळीच, मॅट किंवा चकचकीत हा तुझा निर्णय, वर एखादी बारीक रेघ. रंग पूर्ण बदलायचा तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करावी लागते. फ्रेम रंगवताना हँडलच्या मानेवर ठोकलेल्या चेसिस नंबरावर टेप लाव. तिथे पुट्टी भरली किंवा घासलं तर नूतनीकरणाच्या वेळी बाबांना उत्तरं देत बसावं लागेल.

माझ्या हिशेबाने इंजिन उघडावं लागलं नाही तर बॅटरी, वायरिंग आणि थोडी मजुरी धरून गाडी रस्त्यावर यायला १३ हजारांच्या आसपास, रूपाला ७ हजारांच्या आसपास. उरलेले ५ हजार हात न लावता ठेव. ते आधी कागदांत जातील. कागदांचा आकडा जास्त आला किंवा बोअरचं काम निघालं तर तेवढे रूपातून कमी कर. हे दर आमच्या भागातले आहेत. म्हापशाला थोडे जास्त असतील. कुणी साखळीहून चोर्ला घाटाने बेळगावला जाणार असेल तर पार्टची यादी त्याच्याकडे दे, काही गोष्टी तिथे स्वस्त पडतात.

मला दोन गोष्टी कळव: आरसीवरची शेवटची तारीख, आणि रबरी नळीतून फिरवलेल्या बोटाचा फोटो. त्यावरून पुढचं सांगता येईल. आणि गाडी चालू झाली की पहिल्या दिवशी घाट चढायला जाऊ नकोस. वाळपई ते केरी जा, ये, चाकाचे मधले भाग हाताने गरम लागतात का बघ. २०० किलोमीटर झाल्यावर दोन्ही चाकांचे अ‍ॅक्सल नट, हँडलचे क्लँप आणि चेनचा ढिलेपणा पुन्हा तपास. चेन मधोमध बोटाने २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे.